दंगल, उठाव आणि सत्ताहरण

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा विस्तारित मसुदा)



माझा व्यवसाय अर्थशास्त्र शिकविण्याचा होता. राज्यशास्त्राच्या अंगणात मी आज शिरतो आहे तो आगंतुक म्हणूनच. तरीही हा विषय मी स्वीकारला याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत जगातल्या दोन मोठ्या लोकशाही देशांत संसदेच्या इमारतींत जमाव घुसले आणि त्यानंतर जो वाद माजला तो बव्हंशी शब्दांचा वाद होता. कोणी म्हणाले ही दंगल, कोणी म्हणाले हा उठाव, कोणी म्हणाले हा सत्ता बळकावण्याचा प्रयत्न. शब्दांचा वाद म्हटला की व्यवहारी माणसे कंटाळतात. परंतु हा वाद कोशकारांचा नाही. दंगल म्हटली की काच फोडणाऱ्याला शिक्षा होते. सत्ताहरणाचा कट म्हटला की काच न फोडता बंद खोलीत बसलेल्या माणसापर्यंत जावे लागते. नाव कोणते द्यावयाचे यावर तुरुंगात कोण जाणार हे ठरते, आणि म्हणूनच नावासाठी एवढी झुंज होते.

आपल्या भाषेची अडचणही येथेच सांगून टाकतो. इंग्रजीने फ्रेंचांकडून उचललेल्या ‘कू’ या शब्दाला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. आमच्या लहानपणी शेजारच्या देशात सेनापतीने सरकार उलथविले की वर्तमानपत्रे खुशाल ‘लष्करी क्रांती’ असा मथळा देत. क्रांती या शब्दाची याहून मोठी अवहेलना कोणती असेल? रात्री बाराला रणगाडे काढून पहाटे नभोवाणीवर भाषण करणाऱ्या जनरलला आम्ही क्रांतिकारकांच्या पंक्तीत बसवीत होतो! ‘सत्तांतर’ म्हणावे तर निवडणुकीनेही सत्तांतरच होते. ‘बंड’ हा शब्द शिपायांचा आणि शेतकऱ्यांचा. मी आज ‘सत्ताहरण’ हा शब्द वापरणार आहे. तो फार सुबक नाही, पण त्यात चोरीचा वास आहे आणि तो आवश्यक आहे.

प्रारंभ दंगलीपासून करू, आणि तोही घरच्या उदाहरणापासून. माझे आजोळ भीमथडीचे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पुणे जिल्ह्यातून हे लोण नगर जिल्ह्यात गेले. सरकारी दप्तरात याला ‘दख्खनचे दंगे’ असे नाव पडले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याची कारणपरंपरा परिचित आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला येईनासा झाला, तेव्हा आपल्याकडे कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकाराने मुक्तहस्ताने कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळले, त्याच सुमारास सारा वाढविला गेला आणि सावकाराने हात आखडता घेतला. शेतकऱ्याच्या गळ्याला फास बसला तो असा चोहोबाजूंनी. आता त्या जमावाने काय केले ते पाहा. त्याने रोखे, खतपत्रे, चोपड्या मागितल्या आणि त्यांची होळी केली. ज्या सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले त्याच्या केसालाही बहुधा धक्का लागला नाही. पुढे साडेनऊशे माणसांना अटक झाली, चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला.

ही दंगल होती असे मी म्हणतो तेव्हा तिला कमी लेखीत नाही. या हल्लेखोरांना मामलेदाराची खुर्ची नको होती. कलेक्टर कोण असावा याविषयी त्यांचे काही म्हणणे नव्हते. त्यांना विशिष्ट घरातला विशिष्ट कागद नष्ट करावयाचा होता, कारण त्यावर त्यांचा अंगठा होता. दंगलीला राग असतो, कित्येकदा अत्यंत न्याय्य राग असतो, आणि कित्येकदा अत्यंत हीन द्वेषही असतो. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलीत नऊशे माणसे मेली. एवढे रक्त सांडूनही त्या दंगलीला कोणी सत्ताहरणाचा प्रयत्न म्हणणार नाही. माणसांची कत्तल चालली होती, परंतु राज्य कोणी करावे हे ठरविणारे यंत्र कोणी हस्तगत करू पाहत नव्हते. हिंसेच्या मापाने ह्या तीन गोष्टी मोजता येत नाहीत हे आधी मनात पक्के करावे.

उठावाचे उदाहरणही दूर शोधावयास नको. १९४३ पासून तीन वर्षे साताऱ्याच्या मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. त्याला न्यायनिवाडे होते, स्वयंसेवक दल होते, गावगुंडांना शासन होते. येथे राग एका सावकारावर नव्हता. इंग्रजाला येथे राज्य करण्याचा अधिकारच नाही, हा त्याचा मूळ दावा होता. उठाव राज्यसंस्थेच्या बाहेर उभा राहतो आणि तिची आज्ञा नाकारतो. तो उघड असतो. किंबहुना उघड असणे हे त्याचे बळ असते, कारण जितके अधिक लोक आज्ञा नाकारतील तितका तो यशाकडे सरकतो. तो न्याय्य की अन्याय्य हा निराळा प्रश्न. अमेरिकेत १८६१ साली गुलामगिरी टिकविण्यासाठी दक्षिणेकडील राज्यांनी केला तोही उठावच होता.

सत्ताहरणाची प्रकृती नेमकी याच्या उलट आहे. मूळ फ्रेंच शब्दप्रयोगाचा अर्थ आहे ‘राज्याचा तडाखा’. राज्यावर मारलेला तडाखा नव्हे, राज्यानेच मारलेला. सतराव्या शतकात हा शब्द राजाने राज्यहिताच्या नावाखाली नेहमीचे कायदे बाजूला सारून केलेल्या धाडसी कृत्यांना लावीत. पुढे अर्थ पालटला. तरी मूळचा एक अंश त्यात आजही शिल्लक आहे : हा घाव आतून बसतो. एडवर्ड लुटवाक यांनी १९६८ साली या विषयावर जे पुस्तक लिहिले त्यातली व्याख्या हेच सांगते. राज्ययंत्राचा एक लहान परंतु मर्माचा भाग फितवावयाचा आणि त्याच्या साह्याने उरलेल्या यंत्रावरील सरकारचा ताबा काढून घ्यावयाचा. म्हणून त्याला गर्दी लागत नाही. गर्दी आली तर ती साधन म्हणून येते, आणि पुष्कळदा ती विरुद्ध बाजूने येते.

याचा नमुना म्हणून मी २ डिसेंबर १८५१ चे पॅरिस घेतो. मार्क्सच्या ‘अठराव्या ब्रूमेर’मुळे आपल्यापैकी अनेकांना ते प्रकरण नावाने ठाऊक असते, पण तपशिलाने फारसे नसते. लुई बोनापार्त हा त्या वेळी फ्रेंच प्रजासत्ताकाचा रीतसर निवडून आलेला अध्यक्ष होता. १८५२ च्या मे महिन्यात त्याची मुदत संपत होती आणि घटनेप्रमाणे त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नव्हते. त्याने प्रथम सरळ मार्ग चोखाळून पाहिला. घटनादुरुस्तीचा प्रस्ताव जुलै १८५१ मध्ये विधिमंडळात आला. ४४६ मते बाजूने व २७८ विरुद्ध पडली, परंतु तीन-चतुर्थांशांची अट पुरी झाली नाही. मग युद्धमंत्री बदलला, पॅरिसचा पोलीसप्रमुख बदलला. १ डिसेंबरच्या रात्री सरकारी छापखान्यात जाहीरनामे छापावयास दिले. मजकुराचे तुकडे करून एकेका जुळाऱ्याला एकेक तुकडा दिला, म्हणजे आपण काय जुळवितो आहो हे कोणालाच समग्र कळू नये. पहारा अर्थात होताच. पहाटे विरोधी सेनापती आणि पुढारी बिछान्यातून उठवून नेले. सकाळी पॅरिस जागे झाले तेव्हा भिंतीवर जाहीरनामा होता : विधिमंडळ बरखास्त, सार्वत्रिक मताधिकार पुन्हा बहाल!

हा शेवटचा भाग विसरू नका. दीड वर्षापूर्वी त्याच विधिमंडळाने लक्षावधी गरिबांचा मताधिकार काढून घेतला होता. लोकप्रतिनिधींच्या सभेचा गळा घोटणारा माणूस लोकांचा कैवारी म्हणून आला तो या दारातून. महिनाअखेर सार्वमत झाले. सुमारे ७४ लाख लोकांनी होकार दिला, आणि बरोबर एक वर्षाने तो सम्राट झाला.

दुसरीही एक गोष्ट. रस्त्यावर लोक आले ते घटनेच्या रक्षणासाठी आले. ४ डिसेंबरला पॅरिसच्या हमरस्त्यांवर सैन्याने गोळीबार केला, त्यात शेकडो मेले. दक्षिणेकडील जिल्ह्यांत शेतकरी आणि कारागीर घटनेच्या नावाने हत्यारे घेऊन उठले. मग सुमारे २७,००० लोकांवर कारवाई झाली आणि नऊ हजारांहून अधिक माणसांना अल्जीरियाला धाडले. कोणत्या आरोपाखाली? उठाव केल्याच्या! ज्याने घटना मोडली तो राज्यरक्षक ठरला आणि जे घटनेसाठी उठले ते बंडखोर ठरले. नावे देण्याचा अधिकार यशस्वी माणसाच्या हाती गेला की काय होते ते यावरून दिसते.

येथे कोणी म्हणेल की यशस्वी सत्ताहरण ओळखणे सोपे आहे, प्रश्न आहे तो फसलेल्याचा. खरे आहे. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी स्पेनच्या संसदेत लेफ्टनंट कर्नल तेहेरो सुमारे दोनशे सशस्त्र शिपायांसह घुसला आणि त्याने छताकडे गोळ्या झाडल्या. नव्या पंतप्रधानावर त्या क्षणी मतदान चालू होते. व्हॅलेन्सियात एका सेनापतीने रणगाडे रस्त्यावर आणले. मध्यरात्रीनंतर राजाने दूरचित्रवाणीवरून घटनेच्या बाजूने भाषण केले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सारे आटोपले. एकही माणूस मेला नाही. जमाव नव्हता. छतातली गोळ्यांची भोके तेवढी जपून ठेवली आहेत. तरी हा सत्ताहरणाचा प्रयत्न होता याविषयी आजवर कोणी शंका घेतलेली नाही. गणवेश होता, पिस्तूल होते, ओळख पटविणे सोपे होते. गणवेश नसला म्हणजे आमचा गोंधळ होतो.

अमेरिकेत ६ जानेवारी २०२१ रोजी गणवेश नव्हता. त्या दिवशी काय दिसले ते सर्वांनी पाहिले आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचे भाषण झाले, जमाव कॅपिटॉलवर गेला, दुपारी दोनच्या सुमारास आत घुसला. शिंगांची टोपी घातलेला माणूस सभागृहात उभा राहिला. कोणी व्यासपीठ उचलून नेले, कोणी स्वतःची छायाचित्रे काढली. सुमारे १४० पोलीस जखमी झाले. या चित्रावरच ज्याची दृष्टी खिळली तो म्हणेल ही दंगल, आणि थोडी हास्यास्पद दंगल. कित्येक सज्जन अभ्यासकही म्हणतात की, सैन्य नाही, आज्ञा देणारा सेनापती नाही, मग सत्ताहरण कसले? यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. पण माझ्या मते ते चुकीच्या ठिकाणी पाहत आहेत.

मी अर्थशास्त्राचा माणूस. व्यवहार समजून घ्यावयाचा तर मी आधी विचारतो की हा यशस्वी झाला असता तर लाभ कोणाच्या पदरात पडला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत कोण बसले असते? सुप्याच्या दंगलीला या प्रश्नाचे उत्तरच नाही. साताऱ्याच्या उठावाचे उत्तर आहे ‘दुसरे राज्य’. ६ जानेवारीचे उत्तर एका माणसाच्या नावाने देता येते, आणि तो माणूस त्या क्षणी खुर्चीत बसलेलाच होता. निवडणुकीत त्याला २३२ आणि प्रतिस्पर्ध्याला ३०६ निर्वाचक मते मिळाली होती.

मग दुसरा प्रश्न. तो खुर्चीत राहावा यासाठी राज्ययंत्राचा कोणता मर्मभाग वळवावा लागला असता? त्या देशात सैन्य नव्हे. तेथे सत्तेचा शेवटचा दुवा एक कागदी विधी आहे. प्रत्येक राज्याची प्रमाणपत्रे संसदेच्या संयुक्त बैठकीत उघडावयाची आणि मोजावयाची, अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष. आता नोव्हेंबरपासून काय काय घडले ते ओळीने पाहा. १४ डिसेंबर २०२० रोजी सात राज्यांत पराभूत पक्षाच्या लोकांनी एकत्र येऊन आपणच निर्वाचक आहोत अशा प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. त्यांतल्या पाच राज्यांत त्या सह्यांवर कसलीही अट नव्हती. २ जानेवारीला स्वतः ट्रम्प यांनी जॉर्जिया राज्याच्या निवडणूक अधिकाऱ्याला दूरध्वनी करून आपल्याला ११,७८० मते शोधून हवीत असे सांगितले. तेथील पराभव ११,७७९ मतांचा होता. ३ जानेवारीला न्यायखात्याच्या प्रमुखपदी आपल्याला हवा तो माणूस नेमण्याची गोष्ट निघाली आणि आम्ही सारे राजीनामे देऊ असे वरिष्ठांनी बजावल्यामुळेच ती थांबली. एका वकिलाने टिपण तयार करून दिले की उपराष्ट्राध्यक्षांनी त्या सात राज्यांची मोजणी बाजूला ठेवावी. उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांनी नकार दिला. मग ६ तारखेला जमाव आला.

या क्रमात जमाव शेवटी येतो हे महत्त्वाचे. अधिकारी वळले नाहीत, न्यायखाते वळले नाही, पेन्स वळले नाहीत. वळविण्याची सारी साधने संपल्यावर तो एक विधी त्या दिवशी पुरा होऊ न देणे एवढेच शिल्लक राहिले होते. जमाव कोणत्याही मंगळवारी आला नाही. ज्या एका दुपारी ती मोजणी व्हावयाची होती त्याच दुपारी आला. आणि ट्रम्प व त्यांचे वकील त्या संध्याकाळीही सिनेटरांना दूरध्वनी करून विलंब मागत होते. सिनेटच्या कर्मचाऱ्यांनी पळतापळता प्रमाणपत्रांच्या लाकडी पेट्या बरोबर नेल्या. मला सुप्याची आठवण येते ती येथे. तेथेही लोक कागदासाठी आले होते. पण तो त्यांच्या स्वतःच्या कर्जाचा कागद होता. हा कागद पंधरा कोटींहून अधिक लोकांच्या मतांचा होता. पेट्या वाचल्या, रात्री आठनंतर बैठक पुन्हा भरली आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास मोजणी पुरी झाली.

आता त्या गर्दीतल्या एकेका माणसाविषयी. त्यांपैकी कित्येकांच्या डोक्यात कसलाही बेत नव्हता, हे मी मान्य करतो. गावाकडचा एखादा सुतार आपली निवडणूक चोरली गेली असे महिनोन्‌महिने ऐकून आला आणि खिडकी फोडून आत गेला. तो माणूस दंगलखोर. काही संघटनांचे नेते मात्र आधीपासून तयारी करून होते. त्यांच्यावर राजद्रोही कटाचा आरोप सिद्ध होऊन एकाला २२ वर्षांची तर एकाला १८ वर्षांची शिक्षा झाली. त्यांचे कृत्य उठावाच्या जवळ जाते. आणि ज्यांनी कागद तयार केले त्यांचा उद्योग सत्ताहरणाचा. एकाच दिवशी, एकाच इमारतीत तिन्ही गोष्टी होत्या. ‘ही दंगल की सत्ताहरण?’ हा प्रश्नच म्हणून फसवा आहे. सत्ताहरणाच्या हातात दंगल हे हत्यार असू शकते. हत्याराला नाव दिल्याने हात कोणाचा हे कळत नाही.

‘पण ते यशस्वी होणे शक्यच नव्हते’ असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. याला उत्तर आपल्याच १८६० च्या दंडसंहितेत आहे. गुन्ह्याच्या प्रयत्नाविषयीच्या ५११ व्या कलमाखाली एक दृष्टांत दिला होता : खिसेकापूने खिशात हात घातला, खिसा रिकामा निघाला. तरी तो प्रयत्नाचा अपराधी आहे. खिसा रिकामा असणे हे त्याचे पुण्य नव्हे.

परिणाम काय झाला? सुमारे दीड हजार लोकांवर खटले झाले, शेकडो तुरुंगात गेले. वरच्या माणसावर संसदेने १३ जानेवारी २०२१ रोजी महाभियोग आणला तो ‘उठावाला चिथावणी’ या नावाने. सिनेटमध्ये ५७ विरुद्ध ४३ असे मत पडले, दोन-तृतीयांश भरले नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये फौजदारी आरोपपत्र आले. त्यात उठावाचा आरोपच नव्हता, फसवणुकीचा कट आणि सरकारी कामकाजात अडथळा असे आरोप होते. ट्रम्प २०२४ ची निवडणूक जिंकले, विद्यमान राष्ट्राध्यक्षावर खटला चालवावयाचा नाही या खात्याच्या धोरणामुळे तो खटला मागे घेतला गेला, आणि २० जानेवारी २०२५ रोजी अधिकारग्रहण करताच त्यांनी त्या दीड हजारांपैकी जवळजवळ सर्वांना माफी दिली. त्यातील चौदांची फक्त शिक्षा कमी केली. म्हणजे आधी खालच्यांना शिक्षा झाली आणि वरच्याचा निकालच लागला नाही. नंतर वरच्याने खालच्यांना सोडविले आणि ‘दंगल’ हा शब्ददेखील पुसला गेला.

आता आपल्यापैकी अनेकांच्या ओठांवर असलेला प्रश्न : मग १९७५ ची आणीबाणी? मी त्या वेळी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात होतो आणि आमचे एक शिक्षक एके दिवशी तासाला आलेच नाहीत ते दीड वर्षाने आले. त्यामुळे या प्रश्नाकडे मी थंडपणे पाहू शकत नाही, तरी प्रयत्न करतो. रीत पाहिली तर १८५१ शी साम्य अस्वस्थ करणारे आहे. १२ जूनचा अलाहाबादचा निकाल, २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींची सही, पहाटे पुढाऱ्यांना अटक, वर्तमानपत्रांची वीज बंद, आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून कळविले. जयप्रकाशांनी पोलीस व सैनिकांना बेकायदा आज्ञा पाळू नका असे म्हटले होते, त्याला सरकारने बंडाची चिथावणी असे नाव दिले. नाव देण्याची घाई कोणाला असते ते येथेही दिसते. ऑगस्टमध्ये ३९ वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढली. परंतु ३५२ वे कलम घटनेतच होते, संसद होती, तिने मान तुकविली हे खरे असले तरी ती होती. आणि मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली, पराभव झाला, तो मानला गेला. सत्ताहरण करणारा सहसा अशी खुर्ची सोडत नाही. म्हणून मी तो शब्द आणीबाणीला लावीत नाही. लावणाऱ्यांशी भांडतही नाही. घटनेच्या दारानेच आत येऊन घटनेचा गळा धरणे याला आपण अजून चांगला शब्द शोधलेला नाही.

शेवटी ब्राझील. तेथे ८ जानेवारी २०२३ रोजी, रविवारी, जमावाने संसद, सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय या तिन्ही इमारतींची नासधूस केली. नवे राष्ट्राध्यक्ष लुला आठवडाभरापूर्वीच अधिकारावर आले होते आणि त्या दिवशी राजधानीत नव्हते. पराभूत बोल्सोनारो फ्लॉरिडात होते. नुसते चित्र पाहिले तर ही रिकाम्या इमारतींतली दंगल. पण ब्राझीलच्या तपासयंत्रणेने इमारतींकडून मागे चालावयास सुरुवात केली आणि ती डिसेंबर २०२२ मधल्या एका बैठकीपर्यंत पोचली. निवडणुकीचा निकाल निष्प्रभ करणाऱ्या हुकुमाचा मसुदा माजी न्यायमंत्र्यांच्या घरी सापडला. भूदलाच्या आणि हवाई दलाच्या तत्कालीन प्रमुखांनी साक्ष दिली की अशी कल्पना आमच्यापुढे मांडली गेली आणि आम्ही नाकारली. ११ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच जणांच्या पीठाने चार विरुद्ध एक मताने बोल्सोनारो यांना दोषी ठरवून २७ वर्षे ३ महिन्यांची शिक्षा दिली.

ज्या कायद्याखाली ही शिक्षा झाली तो २०२१ चा. हुकूमशाहीच्या काळातला राष्ट्रीय सुरक्षा कायदा रद्द करून तो आणला गेला, आणि त्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष होते स्वतः बोल्सोनारो! त्यात सत्ताहरण हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ‘प्रयत्न करणे’ हाच त्या गुन्ह्याचा पूर्ण देह आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी विचार नेमका केला होता. यशस्वी सत्ताहरणाची शिक्षा द्यावयास न्यायालयच शिल्लक उरत नाही.

पाचवे न्यायमूर्ती लुईस फुक्स यांचे विरोधी मत मात्र आपण वाचले पाहिजे, कारण ते मूर्खपणाचे नाही. या न्यायालयाला अधिकारच नाही, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा असा की मनात आणणे, बोलणे, मसुदा करणे ही तयारी झाली; तयारीला प्रयत्न म्हणता येणार नाही. फौजदारी कायद्याचे हे जुने आणि चांगले तत्त्व आहे. गरीब माणसाला नुसत्या संशयावरून तुरुंगात टाकणाऱ्या पोलिसांपासून त्यानेच आपल्याला पुष्कळदा वाचविले आहे. तरी मला ते येथे पटत नाही. १ डिसेंबर १८५१ च्या रात्री त्या सरकारी छापखान्यात एकाही माणसाला अटक झालेली नव्हती, एकही गोळी सुटलेली नव्हती. जुळारी आपापला तुकडा जुळवीत होते आणि वाक्याचा पुढचा भाग शेजारच्याच्या हातात होता. त्या वेळी कोणी प्रामाणिक न्यायाधीश दार ढकलून आत आला असता तर त्याने ते सारे तुकडे एकत्र मांडून वाचावेत, की अजून ही तयारीच आहे म्हणून घरी निजावयास जावे?